हवाई छत्रीची पलटण आणि सांगशाकची टेकडी
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतांवर, नाटककारांवर आणि कवींवर अनेक उत्तम व्याख्याने झाली. शताब्दीच्या वर्षात पलटणींची रचना हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पंक्तीत मिष्टान्नाऐवजी भाकरी वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. शिवाय मी सैनिक नव्हे. सैनिकी इतिहासाचा केवळ वाचक आहे. तथापि १९२२ पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र ज्या बेळगावात आहे, त्या गावाच्या वाचनालयात हा विषय अगदीच परका ठरू नये. आसपासच्या गावांत पलटणीत माणूस गेला नाही असे घर शोधावेच लागेल. असे असूनही आज मी जे सांगणार आहे, ते आपल्याकडे फारसे कुणी सांगितलेले नाही.

विषय आहे दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात उभारलेल्या पहिल्या छत्रीधारी ब्रिगेडचा. लष्करी यादीत तिचा क्रमांक ५० होता. ती कोणत्या माणसांची बनली, तिची बांधणी कशी झाली, आणि आकाशातून उतरण्यासाठी घडवलेली ही माणसे अखेर एका निर्जळ टेकडीवर पायदळ म्हणून कशी लढली, एवढाच माझा हेतू आहे. त्या टेकडीवर त्यांच्या शेजारी आपल्या मराठा रेजिमेंटची एक पलटणही होती. हे मला वाचताना कळले, आणि मी विषय हाती घेतला तो त्यामुळेच.

प्रथम काळ ध्यानात घेऊ. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी हॉलंड आणि बेल्जियममध्ये विमानांतून सैनिक उतरवले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चर्चिल यांनी पाच हजार छत्रीधारी सैनिक तयार करण्याची मागणी केली. १९४१ च्या मे महिन्यात जर्मनांनी क्रीट बेट हवाई सैन्याच्या बळावर घेतले. त्यात त्यांची हानी इतकी झाली की पुढे हिटलरने अशा मोठ्या मोहिमांचा नाद जवळजवळ सोडला. पण शत्रूपक्षाने त्यातून नेमका उलटा धडा घेतला. हिंदुस्थानच्या लष्करी मुख्यालयात हा विचार १९४० पासूनच चालू होता. लंडनची संमती मिळाल्यावर १९४१ च्या ऑक्टोबरअखेर दिल्लीत ब्रिगेडची स्थापना झाली. तिचे पहिले प्रमुख ब्रिगेडियर गॉफ.

ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या. १५१ वी गोऱ्या सैनिकांची, १५२ वी हिंदी सैनिकांची आणि १५३ वी गुरख्यांची. जोडीला संदेशवहन विभाग होता, पुढे मशीनगनची कंपनी आणि छत्रीने उतरू शकणारे फिरते इस्पितळ आले. आणि सुरुंग-पूल-रस्ते यांचे काम पाहणारी सॅपर्सची एक तुकडी होती. तिचे नाव ४११ (रॉयल बॉम्बे) पॅराशूट सेक्शन. 'बॉम्बे' हा शब्द पाहून चुकायला नको. हे सॅपर्स म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचे. हिंदुस्थानातील पहिल्या हवाई ब्रिगेडची इंजिनियरिंगची बाजू खडकीच्या परंपरेतून आली, हे आपण मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता या रचनेतील खरी अडचण पाहू. हिंदी सैन्याची जुनी बांधणी पलटणीच्या अभिमानावर उभी होती. बाप ज्या पलटणीत, मुलगाही त्याच पलटणीत. गावातला सुभेदार रजेवर येताना चार पोरे हेरून जाई. कंपन्या जातवार, प्रदेशवार असत. शिपाई लढे तो आपल्या गाववाल्यांच्या डोळ्यांसमोर, आणि परत गावी जायचे आहे हे ध्यानात ठेवून. छत्रीधारी पलटणीला मात्र हे चालण्यासारखे नव्हते. विमानातून उडी मारणे हे सक्तीचे काम होऊच शकत नाही. त्यासाठी माणूस राजीखुशीने पुढे आला पाहिजे. म्हणून १५२ व्या पलटणीसाठी निरनिराळ्या रेजिमेंटांतून स्वयंसेवक मागवले गेले. हिंदू आले, मुसलमान आले. ज्यांची गावे, बोली, देवळे आणि मशिदी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता अशी माणसे एका झेंड्याखाली आली. बोलण्याला लष्करातली रोमन लिपीतली उर्दू, एवढाच काय तो समान धागा.

कोणताही कर्नल आपल्या पलटणीतली चांगली माणसे दुसऱ्याला आनंदाने देत नसतो. त्यामुळे नव्या पलटणीच्या प्रमुखांना माणसे पारखून घ्यावी लागली. जे उरले, त्यांच्यात जुना पलटणीचा अभिमान नव्हता आणि नवा अजून जन्मायचा होता. तो जन्मला तो उडीतून. ज्याने दाराशी उभे राहून खाली पाहिले आहे आणि तरीही पाऊल टाकले आहे, त्याला शेजारच्याची जात विचारावीशी वाटत नाही. हे माझे अनुमान आहे, पण पुढे घडलेल्या गोष्टी त्याला आधार देतात.

उड्यांची सुरुवातही मोठी विलक्षण होती. छत्र्याच नव्हत्या! इंग्लंडहून आलेल्या हवाई छत्र्या हाताच्या बोटांवर दोनदा मोजून संपतील इतक्याच होत्या. पुढे कानपूरला छत्र्यांचा कारखाना उभा राहिला तेव्हा ही ददात मिटली. विमाने मिळाली ती व्हॅलेन्शिया जातीची, दोन दोन पंखांची, हवाई दलाने म्हातारी ठरवलेली. हवाई प्रशिक्षणाची शाळा प्रथम नवी दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर होती. हाच पुढे सफदरजंग म्हणून ओळखला जाऊ लागला. १९४२ मध्ये ती रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे हलवली गेली. त्या काळी आमच्याकडच्या किंवा ब्रिटिश छत्रीधाऱ्यांपाशी दुसरी, राखीव छत्री नसे. एकच छत्री, आणि तिची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली. उडी घेतली की दोरीच्या ओढीने छत्री आपोआप उघडायची. उघडली तर उघडली. सुरुवातीला काही जण यात दगावलेही.

पहिल्या उड्या १९४१ च्या ऑक्टोबरात कराचीला झाल्या. उडी मारणारे पहिले भारतीय होते लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. यांतले रंगराज हे १५२ व्या पलटणीचे डॉक्टर. शस्त्रधारी शिपायांच्या आधी वैद्याने आकाशातून उतरावे, ही गोष्ट मला फार आवडते. जखमी खाली पडायचे असतील, तर मलमपट्टीवालाही तिथेच उतरला पाहिजे, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान. हेच रंगराज पुढे १९५१ च्या मार्चमध्ये कोरियात, लेफ्टनंट कर्नल असताना, ६० व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सच्या तुकडीसह अमेरिकन सैनिकांबरोबर छत्रीने उतरले. एकाच माणसाच्या आयुष्यात या विद्येचे बाळपण आणि तारुण्य दोन्ही मावले.

गुरख्यांविषयी एक किस्सा हमखास सांगितला जातो. अमुक फुटांवरून उडी मारायची म्हटल्यावर त्यांनी जरा खालून उडवा अशी विनंती केली, आणि पाठीला छत्री असते हे कळल्यावर ते निश्चिंत झाले, असा तो किस्सा. ऐकायला गोड आहे, गुरख्यांचे धैर्य दाखवणाराही आहे. पण त्यात त्यांना भोळे ठरवण्याची साहेबी खोडही आहे. १५३ व्या पलटणीतली माणसे कसलेली होती आणि आपण कशाला हो म्हणतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ब्रिगेड तयार झाली. पण तिला द्यायला काम नव्हते, किंवा काम होते तर विमाने नव्हती. १९४२ च्या जुलैत सिंधमध्ये हुरांच्या बंडाळीविरुद्ध १५२ ची एक कंपनी वाळवंटात उतरवली गेली. हाती काही फारसे लागले नाही. त्याच सुमारास उत्तर ब्रह्मदेशात मिचिनाच्या परिसरात एक छोटी टेहळणी तुकडी उतरली आणि जंगले तुडवीत पायी बाहेर पडली. ऑगस्टमध्ये दुसरी तुकडी फोर्ट हर्ट्‌झला उतरून तिथली धावपट्टी विमानांसाठी तयार करती झाली. एवढ्यावर भागले. १९४२ च्या अखेरीस गोऱ्यांची १५१ वी पलटण मध्यपूर्वेकडे रवाना झाली. तिचा क्रमांक १५६ केला गेला, आणि १९४४ च्या सप्टेंबरमध्ये हॉलंडमधील आर्नेमच्या लढाईत ती जवळजवळ नष्ट झाली. तिच्या जागी सातव्या गुरखा रायफल्सची तिसरी पलटण आली आणि १५४ वी म्हणून तिचे रूपांतर सुरू झाले. पण ते पुरे व्हायच्या आतच युद्धाने ब्रिगेडला गाठले.

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या व्याख्यानाचा गाभा हा आहे.

छत्रीधारी पलटणीची रचना मुळातच एका गृहीतावर केलेली असते. ती अचानक उतरेल, पूल किंवा नाका ताब्यात घेईल, आणि दोन-तीन दिवसांत मागून येणारे मुख्य सैन्य तिला येऊन मिळेल. म्हणून तिच्यापाशी जड तोफा नसतात, वाहने नसतात, शिधासामग्री मोजकी असते. माणूस जेवढे अंगावर घेऊन उडी मारू शकतो आणि जेवढे पेटीत घालून टाकता येते, तेवढाच तिचा संसार. अशा पलटणीला जमिनीवर ठाणे धरून बसायला सांगणे म्हणजे तालमीतल्या हलक्या अंगाच्या पैलवानाला ओझी वाहायला लावणे आहे. १९४४ च्या मार्चमध्ये नेमके हेच घडले.

ब्रिगेडियर होप-थॉमसन या वेळी प्रमुख होते. वयाने अवघे तिशीतले. ब्रिगेडला मणिपूरच्या डोंगरात, उखरूलच्या परिसरात पाठवले गेले ते जंगलातील लढाईच्या सरावासाठी. हा भाग शांत आहे असे तिला सांगण्यात आले होते. काटेरी तारही दिलेली नव्हती. इकडे मार्चच्या मध्यावर जपानची ३१ वी डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून कोहिमाच्या रोखाने निघाली. तिच्या डाव्या बाजूच्या दळाचे नेतृत्व मेजर जनरल मियाझाकी यांच्याकडे होते.

या भागात आधीपासून असलेली पलटण म्हणजे ४/५ मराठा, अर्थात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ट्रिम. ती ब्रिगेडच्या हुकमाखाली देण्यात आली. यांतल्या एकानेही छत्री पाठीला बांधलेली नव्हती. नेपाळहून आलेल्या काली बहादुर पलटणीचा काही भाग आणि एक पहाडी तोफखानाही होता.

१९ मार्चला पहिला घाव १५२ च्या सी कंपनीवर पडला. शेल्डन्स कॉर्नर नावाच्या जागेपुढच्या डोंगरमाथ्यावर ती एकटी होती. रात्रभर तिने जपान्यांची पलटणच्या पलटण थोपवली. सकाळपर्यंत कंपनीचे प्रमुख मेजर फुलर कामी आले होते आणि कंपनी म्हणावी असे काही उरले नव्हते. मागोमाग सगळे सैन्य सांगशाक या तांगखुल नागांच्या खेड्याशी गोळा झाले.

ती टेकडी डोळ्यांपुढे आणावी. लांबी-रुंदी काही शे यार्डांची. एका टोकाला अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे लहानसे चर्च. खंदक खणायला जावे तर हात-दीड हातावर कातळ लागे. पाण्याचा झरा माथ्यावर नाही. त्या एवढ्याशा जागेत दोन छत्रीधारी पलटणी, मराठे, तोफा, इस्पितळ आणि शेकडो खेचरे. २२ मार्चच्या संध्याकाळी हल्ला सुरू झाला तो २६ पर्यंत थांबला नाही. मेलेली खेचरे पुरायला खड्डा खणता येत नव्हता. मेलेली माणसेही नीट पुरता येत नव्हती. झोप अशी कुणाला मिळाली नाही.

पाणी, दारूगोळा आणि औषधे विमानांतून छत्रीने टाकली जात होती. पण वेढा इतका आवळलेला होता की त्यांतले बरेचसे जपान्यांच्या हाती पडे. ज्यांनी दोन वर्षे आकाशातून नेमके उतरण्याची विद्या घोकली, त्यांच्यादेखत त्यांचे पाणी छत्रीला लटकून शत्रूच्या पदरात उतरत होते. युद्धाच्या इतिहासात याहून बोचरा प्रसंग मला तरी आठवत नाही.

याच धुमश्चक्रीत एका मृत जपानी अधिकाऱ्यापाशी नकाशा सापडला. त्यावर ३१ व्या डिव्हिजनच्या वाटा आखलेल्या होत्या. त्याच्या प्रती करून जपानी वेढ्यातून इंफाळला पोहोचवल्या गेल्या. २६ तारखेला चर्चचा भाग जपान्यांनी घेतला आणि प्रतिहल्ल्यांनी तो परत घेण्यात आला; त्यात १५२ चे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हॉपकिन्सन जखमी झाले. संध्याकाळी बाहेर पडण्याचा हुकूम आला. रात्री लहान लहान टोळ्यांनी माणसे जंगलात उतरली. ज्यांना उचलणे शक्य नव्हते अशा जखमींना मागे सोडावे लागले.

ब्रिगेडने सुमारे सहाशे माणसे गमावली. १५२ व्या पलटणीची हानी सर्वांत मोठी. होप-थॉमसन यांना पदावरून दूर केले गेले, आणि काही काळ या लढाईचा उल्लेख पराभवाच्या खात्यात होत राहिला. वस्तुतः मियाझाकींचे दळ सांगशाकला अडकल्यामुळे कोहिमाकडची जपानी चाल जवळजवळ आठवडाभर लांबली. कोहिमाचा वेढा ४ एप्रिलला सुरू झाला. तो मार्चअखेरीस सुरू झाला असता तर तिथे किती सैन्य असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दोष द्यायचाच तर सरावाला निघालेल्या ब्रिगेडला तारेशिवाय सीमेवर नेऊन ठेवणाऱ्या वरच्या कचेऱ्यांना द्यावा लागेल. तो तसा पुरेसा दिला गेला नाही.

आता पुढची हकीकत, थोडक्यात. ब्रिगेडची पुनर्रचना झाली, जनरल डाउन यांच्या हाताखाली ४४ वी हवाई डिव्हिजन उभी राहिली आणि १९४५ च्या मार्चमध्ये इंडियन पॅराशूट रेजिमेंट अस्तित्वात आली. १ मे १९४५ ला गुरखा छत्रीधाऱ्यांची एक मिश्र पलटण रंगून नदीच्या मुखाशी, एलिफंट पॉइंटला उतरली. रंगून समुद्रमार्गे घेण्याची वाट तिने मोकळी केली.

पण रेजिमेंट उभारताना जे घडले, ते मला एलिफंट पॉइंटहून अधिक विचार करायला लावते. सांगशाकला एकत्र लढलेली १५२ वी पलटण दुभंगली गेली. तिच्यातील हिंदूंची पहिली पलटण झाली आणि मुसलमानांची चौथी. कागदोपत्री ही सोयीची गोष्ट असेल. जातवार आणि धर्मवार बांधणीची लष्कराची जुनी सवय प्रबळ ठरली असेल. परंतु ज्या टेकडीवर एकाच्या बाटलीतले पाणी दुसऱ्याने प्यायले, तिथून परतलेल्या माणसांची पंगत दोन वर्षांनी होणाऱ्या फाळणीच्या आधीच वेगळी झाली, ही खंत मनातून जात नाही. पुढे १९४६ मध्ये ती रेजिमेंटच बरखास्त झाली आणि पायदळाच्या जुन्या पलटणींनाच छत्रीधारी करण्याचे ठरले. १९४७ मध्ये डिव्हिजनही दोन देशांत वाटली गेली.

आणि इथे हा इतिहास पुन्हा बेळगावच्या वेशीत येतो. छत्रीधारी करण्यासाठी निवडलेल्या पलटणींत मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण होती. ही तीच पलटण, जिच्या नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या जुलैत इटलीतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४८ मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडमध्ये ती नौशेरा आणि झांगर येथे लढली. उस्मान त्याच वर्षी ३ जुलैला झांगर येथे धारातीर्थी पडले. ब्रिगेडचा क्रमांक तोच, सांगशाकचा. प्रमुख मुसलमान आणि पलटण मराठ्यांची. १९५२ मध्ये ती दुसरी पॅरा झाली, आणि ११ डिसेंबर १९७१ ला कर्नल पन्नू यांच्या नेतृत्वाखाली टांगाइलजवळ आकाशातून उतरून तिने पुंगलीचा पूल घेतला. पाच दिवसांनी ती ढाक्यात होती. १९४१ च्या दिल्लीत ज्या कामाची कल्पना केली गेली होती, ते काम कागदावर लिहिल्याबरहुकूम तीस वर्षांनी पार पडले.

टांगाइलची हकीकत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ती शाळांतून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. सांगशाकला असलेल्या ४/५ मराठ्यांची मात्र आठवण कुणाला नाही. ते छत्रीधारी नव्हते म्हणून छत्रीधाऱ्यांच्या इतिहासात त्यांना एखादी ओळ मिळते, आणि लढाई पराभवात जमा झाली म्हणून पलटणीच्या गौरवगाथेतही ती ठळक होत नाही.

म्हणून शेवटी सभासदांना एक विनंती करतो. आपल्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांचे डिस्चार्ज बुक असेल, पेन्शनचे कागद असतील, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेली पोस्टकार्डे असतील, पदके असतील. त्यांवर ४/५ असा आकडा आढळला तर ते कागद वाचनालयात घेऊन यावेत. मूळ कागद आपल्यापाशीच राहतील; आम्ही केवळ प्रत काढून घेऊ. संदर्भ विभागात त्यासाठी एक फाइल उघडली आहे. आज ती रिकामी आहे.